कडप्प्यावरचा अंदाज

बाई, उद्या सकाळी मला विद्यापीठात समितीपुढे उभं राहून एक वाक्य वाचायचं आहे आणि ते वाक्य चुकलेलं आहे. टायपिंगची चूक नाही. मी विचार करून, कारणासकट लिहिलेलं आणि नंतर माझ्याच आकड्यांनी खोटं ठरवलेलं वाक्य आहे. ते तसंच वाचायचं की गुपचूप बदलून टाकायचं, हे आज रविवारची दुपार झाली तरी मला ठरवता आलेलं नाही. सकाळपासून चहावर चहा झाला, कपाट आवरून झालं, जिच्याशी वर्षभर बोलले नाही अशा नणंदेला फोन करून झाला, पण ते वाक्य डोक्यातून हलत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता थोडं थांबावं लागतं. तरी हे वाक्य कुणाला दाखवावं असं मनात आलं तेव्हा तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही. असली वाक्यं लिहायची खोड मला तुम्हीच लावलीत.

शाळेत सगळ्या मुली तुम्हाला दीदी म्हणायच्या. मी एकटीच बाई म्हणायची, कारण आईने तसं बजावून ठेवलं होतं की आपल्यातल्या मास्तरणीला बाई म्हणतात. तुम्ही विज्ञान हिंदीत शिकवायच्या आणि माझ्या बाकापाशी आल्या की आवाज खाली घेऊन मराठीत रागवायच्या. रविवारी आम्ही चार-पाच मुली इथे रायपुरात, पंडरी भागातल्या तुमच्या घरी यायचो. खाली कापडाचं गोदाम, वर तुमचं बिऱ्हाड, आणि जिन्यापासूनच कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास. तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा काळ्या कडप्प्याचा होता आणि आमची प्रयोगवही तोच. प्रयोगाआधी प्रत्येकीने खडूने ओट्यावर आपला अंदाज लिहायचा, पुढे 'कारण' लिहायचं, खाली नाव. एकदा लिहिलं की निकाल येईपर्यंत पुसायचं नाही. तुमचे यजमान पाणी प्यायला आत आले की ओठ हलवत सगळ्यांचे अंदाज वाचायचे आणि पेला उपडा ठेवून बाहेर जायचे. मला त्या माणसाची जेवढी धास्ती होती तेवढी बोर्डाच्या परीक्षेचीही नव्हती.

पहिल्याच रविवारी तुम्ही खालच्या गोदामातून दोन कातरणं आणली, एक सुती आणि एक टेरिकॉटचं. दोन्ही भिजवून, पिळून खिडकीत टांगायची, आधी कोणतं वाळेल ते लिहायचं. बाकीच्यांनी पटापट लिहिलं. मी कोपऱ्यात, जिथे स्टोव्हची सावली पडते तिथे, बारीक अक्षरात लिहिलं: दोन्हींत काहीतरी फरक पडेल. तुम्ही वाकून वाचलंत. आज लिहिताना तुमच्या हाताला लागलेलं पीठसुद्धा दिसतंय.

"हे काय लिहून राहिली तू?"

"अंदाज, बाई."

"हे वाक्य चुकेल कधी, सांग बरं मले."

मी विचार केला. सुती आधी वाळलं तरी माझं बरोबर, टेरिकॉट आधी वाळलं तरी बरोबर. मी जरा खुशीतच म्हणाले, "कधीच नाही, बाई."

"मंग हे घरी ठेवून येत जाय. माह्या ओट्यावर जागा कमी आहे." तुम्ही खडू माझ्या हातात परत दिलात. "चुकू शकन असं लिही. काहून भेते एवढी? चुकलं तं समजते तरी, कुठी चुकलं ते."

सगळ्या हसल्या. मी सुती लिहिलं आणि टेरिकॉट आधी वाळलं. संध्याकाळपर्यंत माझं नाव त्या चुकीखाली ओट्यावर पडून होतं. मग स्वयंपाकाची वेळ झाली, तुम्ही ओलं फडकं फिरवलंत आणि त्याच जागी कणीक मळायला घेतलीत. त्या फडक्याने मला किती सुटल्यासारखं वाटलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

डाळीचा रविवार तर आमच्या घरात अजून निघतो. मीठ आधी टाकलं तर तुरीची डाळ शिजत नाही, असं माझी आई म्हणायची. मी ते तुमच्याकडे सांगितलं आणि तुम्ही लगेच दोन सारख्या गंजांत, म्हणजे पातेल्यांत, सारखी डाळ चढवलीत, एकीत मीठ आधीच. या वेळी मी ठसठशीत अक्षरात लिहिलं की मिठाची डाळ मागे राहील. कारण आई म्हणते. तुम्ही 'कारण आई म्हणते' याच्याखाली रेघ मारलीत, पण पुसलं नाहीत. दोन्ही डाळी बरोबरच शिजल्या. बोटांनी चेपून पाहिल्या, कुणालाच वेगळी ओळखता येईना. मला रडू आलं. माझं चुकलं याचं नव्हतं ते, आईचं चुकलं याचं होतं. तुम्ही समजूत वगैरे काढली नाहीत. मिठाची डाळ डब्यात भरलीत आणि म्हणालात, "आईले चाखव. आन् आपल्या गंजात, आपल्या पाण्यात होते एवढंच सांगजो. जगात होते असं नोको सांगू." आईने डाळ चाटून पाहिली, चांगली झाली म्हणाली, आणि डबा धुताना म्हणाली, "बाईची दाळ बाईच्या घरी. माह्या घरी मीठ मागूनच पडन." आजही ती मागूनच टाकते.

आता मी स्वतः बी.एड.च्या पोरांना संशोधनपद्धती शिकवते. परिकल्पना म्हणजे संशोधनाच्या प्रश्नाचं तपासून पाहता येईल असं तात्पुरतं उत्तर, ही व्याख्या ती पोरं घोकून घडाघडा म्हणतात आणि मग कागदावर लिहितात: मोबाइलचा विद्यार्थ्यांवर प्रभाव पडतो. मी तुमचाच प्रश्न हिंदीत विचारते, की हे वाक्य चुकेल कधी? कोणते विद्यार्थी, कशावर प्रभाव, कमी की जास्त, कुणाच्या तुलनेत, आणि मोजणार कसं? मागच्या वर्षी एका मुलीने अगदी मनापासून विचारलं, "मैडम, जब पास होना है तो गलत होने वाला वाक्य क्यों लिखें?" वर्ग हसला. मीही हसले आणि उत्तर देऊन मोकळी झाले. त्या वेळी माझे आकडे यायचे होते, त्यामुळे मला सोपं गेलं.

माझ्या पीएच.डी.चा विषय तुम्हाला आवडला असता. रायपूरच्या मराठी घरांतली मुलं घरच्यांना उत्तर कोणत्या भाषेत देतात, एवढंच पाहायचं होतं. आपण मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देतात, हे इथल्या कुठल्याही मराठी घरात दाराबाहेर उभं राहूनही ऐकू येतं. मी लिहिलं: ज्या घरात आजी किंवा आजोबा सोबत राहतात, त्या घरातली मुलं मराठीत जास्त उत्तरं देतील, कारण घरात मराठी बोलणारं, दिवसभर मोकळं असलेलं माणूस असतं. वाक्य मला इतकं खरं वाटत होतं की तपासायची गरज काय, असंही मनात येऊन गेलं. विद्यापीठाने रूपरेखा मंजूर केली. मी रेकॉर्डर घेऊन घरोघर फिरले. रेल्वेतले, प्लान्टमधले, कचेऱ्यांतले, आपले बौद्ध आणि इतरही, सगळ्यांनी चहा पाजला. मी कोपऱ्यात बसायचे, घरच्यांनी मुलांशी नेहमीसारखं बोलायचं, आणि नंतर मी एकेक उत्तर मोजायचे. आकडे आले ते उलटे. आजी-आजोबा असलेल्या घरांत मुलं हिंदीत जास्त बोलत होती. थोडीथोडकी नाही, चांगली डोळ्यांत भरण्याइतकी. मी गणित पुन्हा केलं, मग दुसऱ्याकडून करवून घेतलं. तेच आलं.

मग मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला बसले आणि शहराच्या टोकाला कारखान्यांजवळ असलेल्या बीरगांवच्या एका आजींपाशी अडकले. त्यांचा मुलगा कारखान्यात, सून शिवणकाम करते, घरात एक नात. आजी माझ्याशी आपल्या वऱ्हाडीत झकास बोलत होत्या आणि नातीकडे वळल्या की त्याच श्वासात हिंदी. "बेटा, इधर आ ना, मेरे पास बैठ." त्या दिवशी तिथे बसून हे माझ्या कानांवरून गेलं होतं, पण मी तर फक्त मुलीची उत्तरं मोजत होते. मी पुन्हा बीरगांवला गेले. या वेळी रेकॉर्डर काढला नाही. आजी दारात लसूण सोलत बसल्या होत्या.

"मावशी, माह्यासंग मराठीत बोलता, मंग पोट्टीसंग हिंदीत काहून?"

त्यांनी लसणाचं फोलपट फुंकलं. "मराठीत बोललं तं ते हव-हव करते आन् पयून जाते. हिंदीत बोललं तं बसते माह्याजवळ. शाळंतलं सांगते." लसणाची पुढची पाकळी घेत म्हणाल्या, "म्या तं इथं आल्यावर शिकली हिंदी. पह्यले भाजीवाल्यासाठी शिकली, आता हिच्यासाठी."

मी ऑटोत बसले आणि आमचा तेलीबांधा येईपर्यंत मला स्वतःचं घर दिसत राहिलं. बाबा गेल्यावर मी आईला रेल्वे कॉलनीतून माझ्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा नवऱ्याला म्हणाले होते की मुलीची मराठी तरी टिकेल. त्या संध्याकाळी दार उघडलं तर आई, मिठाची माझी आई, टीव्हीसमोर नातीला म्हणत होती, "बेटा, दूध पी ली क्या? फिर से ठंडा हो जाएगा." मोडकी, गोड, वऱ्हाडी चालीची हिंदी. हे रोज होत असणार. मी रोज ऐकत असणार. दुसऱ्यांच्या घरी मोजमाप करत हिंडले आणि माझ्या घरात ते माझ्या कानांत शिरलं नाही. आईला काय म्हणून टोकणार? ती तर नातीला जवळ बसवत होती.

हे सगळं मी प्रबंधात लिहिलं आहे आणि बाई, तेवढं एक प्रकरण चांगलं झालं आहे, मला माहीत आहे. अडचण आहे ती पहिल्या प्रकरणातल्या त्या एका वाक्याची. माझे मार्गदर्शक सर भले माणूस आहेत, निवृत्तीला आले आहेत आणि माझं भांडण कुणाशी व्हावं असं त्यांना वाटत नाही. ते म्हणाले, "मैडम, ये दिशा वाली परिकल्पना काहे को लिख दीं आप? सब लोग शून्य परिकल्पना लिखते हैं." म्हणजे आधीच लिहून ठेवायचं, की दोन प्रकारच्या घरांत काही लक्षणीय फरक नाही. "अंतर निकला तो अस्वीकृत, नहीं निकला तो स्वीकृत. दोनों तरफ से थीसिस पूरी." मी म्हणाले, कोणत्या घरातली मुलं मराठी जास्त बोलतील ही दिशा रूपरेखेत लिहिलेली आहे. ते हसले. "रूपरेखा की फाइल अब कौन खोलता है? सेमिनार में जो पढ़ेंगी, वही चलेगा."

शून्य परिकल्पनेत वाईट काही नाही. हिशेब करायला ती लागतेच, मी स्वतः शिकवते. पण माझा अंदाज तो नव्हता ना. काही फरक नाही असं मनात धरून मी बीरगांवला गेलेच नव्हते. मी गेले होते माझ्या बाजूने पुरावा गोळा करायला, आजी लोकांना साक्षीला उभं करायला. वाक्य बदललं तर निकाल तोच राहील, आकडा एकही हलणार नाही, कुणाचं वाकडं होणार नाही. फक्त मी उलट समजत होते, हे प्रबंधातून नाहीसं होईल. एवढ्याने काय बिघडतं, असं दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारते आणि दहाही वेळा उत्तर येतं की काही नाही. तरी अकराव्यांदा विचारतेच.

आणि भीती खोटी नाही, बाई. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली आहे, वाढवून मिळायची ती एकदा मिळून गेली. समितीत एक बाहेरचे प्राध्यापक आहेत, त्यांचा लौकिक असा की परिकल्पना सिद्ध झाली नाही म्हटलं की ते चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि पुन्हा माहिती गोळा करायला सांगतात. उद्या त्यांनी परत पाठवलं तर मुदतीत परत येणं शक्य नाही. म्हणजे नोंदणी गेली, इतक्या वर्षांचं पायी हिंडणं गेलं. कॉलेजात पुढच्या वर्षी पीएच.डी. नसलेल्यांना ठेवतील की नाही याची कुजबुज आहे, तिकडे मी लक्ष देत नाही असं दाखवते आणि कान तिकडेच असतात. तुम्ही म्हणाल, चुकलं तर समजतं कुठे चुकलं. बरोबर. पण तुमचा ओटा संध्याकाळी पुसला जायचा. माझा प्रबंध विद्यापीठाच्या लायब्ररीत जाईल आणि मी चुकले होते हे तिथे माझ्या नावासकट राहील. माझ्या वर्गातली पोरंही तो कधीतरी काढून वाचतील. आमचा ओटा चकचकीत ग्रॅनाइटचा आहे, त्यावर खडू उमटतच नाही. सकाळी मी प्रयत्न करून पाहिला, आईने विचारलं हे काय चालवलं आहे, मी म्हटलं डाग काढते आहे.

म्हणून मी आत्ता तुमच्या पद्धतीने एक प्रयोग करून पाहणार आहे. आतल्या खोलीत माझी मुलगी आणि आई बसल्या आहेत. मी जाऊन मुलीला मराठीत विचारणार आहे, जेवलीस का. अंदाज: ती हिंदीत उत्तर देईल. कारण: मी मराठीत विचारलं की ती हिंदीतच देते, आणि आजी शेजारी आहे. चुकेल कधी: ती मराठीत बोलली तर.

जाऊन आले. ती पलंगावर आडवी होती, डोकं आजीच्या मांडीवर, हातात मोबाइल. मी विचारलं. वर न पाहता ती म्हणाली, "हव."

आता सांगा. हा 'हव' आई आपला म्हणते, आमच्या गावाकडे हो म्हणायला हवच म्हणतात. शेजारच्या छत्तीसगढी काकू म्हणतात तो त्यांचा. प्रबंधात मला तो कुठल्या रकान्यात टाकावा हे कळलं नाही म्हणून नुसतं हव असेल तर ते उत्तर धरायचं नाही असा मी नियम केला होता, आणि आज तेच उत्तर माझ्या पदरात पडलं. मी दारातच हसायला लागले. मुलीने मोबाइल खाली ठेवला, आजीकडे पाहिलं आणि विचारलं, "मम्मी को क्या हुआ?" आई म्हणाली, "पेपर है उसका कल. डर रही है." बाई, माझ्या आईने माझी भीती माझ्या मुलीला हिंदीत सांगितली आणि मुलगी उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी ते दारात उभ्यानेच प्यायले. मी चुकले नसते तर बीरगांवला पुन्हा गेले नसते, आणि त्या दोघींचं हे बोलणं आजही मला ऐकू आलं नसतं, एवढं मला त्या पाण्याच्या घोटाबरोबर पटलं. उद्याची भीती मात्र आहेच.

हे पत्र कुठे पाठवणार? पंडरीतलं ते बिऱ्हाड पाडून तिथे साड्यांचं मोठं दुकान झालं आहे, वर काचा लावल्या आहेत. मी तिथून एकदा मुद्दाम खरेदी केली होती, वर जायला मिळेल म्हणून. जिना राहिलेला नाही, लिफ्ट आहे. पत्र माझ्याकडेच राहील.

आणखी एक अंदाज लिहायचा राहिला. उद्या समितीपुढे मी मूळ वाक्य आहे तसं वाचेन आणि त्याच्याखाली चुकलं म्हणून सांगेन. कारण: बीरगांवच्या मावशींना 'काहून' असं मी विचारलं ते वाक्य चुकलं म्हणून. चुकेल कधी: मी सरांनी सांगितलेली शून्य परिकल्पनेची स्लाइड लावली तर. दोन्ही स्लाइड पेनड्राइव्हमध्ये आहेत, एकीमागे एक.

बाई, बाकीचं सगळं पत्र मी पेनने लिहिलं आहे. हा शेवटचा अंदाज तेवढा पेन्सिलने लिहिला.